रोहिणी भाटे, गोपीकृष्ण आणि आपलं कोल्हापूर : नाचात करिअर म्हणजे नक्की काय?

घुंगरवाली

इथं, आपल्या कोल्हापूरच्या फोरमवर, कुस्तीवर धागे आहेत, तांबड्या-पांढऱ्यावर तर ढिगानं आहेत. नाचावर एखादा निघालाच तर तो कुणाच्या तरी हळदीतल्या व्हिडिओचा असतो. म्हणून हा काढते. लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

मी ताराबाई पार्कात कथकचा क्लास घेते. नवीन पालक आले की प्रश्न ठरलेले. फी किती, गॅदरिंगला नाच बसवून देणार का, आणि "मॅडम, यात पुढं स्कोप काय?" पहिल्या दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याला मी हल्ली सरळ पुण्यातल्या कथकच्या गुरू रोहिणी भाटे यांची गोष्ट सांगायला लागते. पालक कंटाळतात, पण ऐकून घेतात.

जन्म १४ नोव्हेंबर १९२४, पाटण्याचा. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसनमधून १९४६ साली बी.ए. त्या काळात पांढरपेशा मराठी घरातली पोरगी गाणं शिकली तर कौतुक, पेटी शिकली तर कौतुक, पण पायात घुंगरू बांधले की आळीतल्या भुवया वर. त्यांनी आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम् शिकून पाहिलं, मग जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे कथक धरलं आणि १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' काढली. वय वर्षं बावीस.

इथं मी दर वेळी अडखळते. कथक धरून जेमतेम वर्ष झालेलं आणि थेट संस्था! आज कुणी असं केलं तर आम्ही शिक्षक मंडळीच त्याला सोलून काढू. पण त्यांचं शिकणं थांबलं नाही, हे महत्त्वाचं. संस्था चालवता चालवता त्या लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे बारा वर्षांहून जास्त आणि पंडित मोहनराव कल्याणपूरकरांकडे पंधरा वर्षांहून जास्त शिकत राहिल्या. गाण्याची तालीम केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे. स्वतःच्या क्लासात ताई आणि गुरूसमोर विद्यार्थिनी, असं वर्षानुवर्षं. आमच्यातले कितीतरी जण विशारद झालं की गुरूच्या घराचा रस्ता विसरतात. नावं घेत नाही.

लोक त्यांना 'कथक नर्तकी' म्हणून मोकळे होतात. माझ्या मते त्यांचं मोठं काम रचनेचं आहे. कथक मुळात एकट्यानं करायचं. थाट, आमद, तोडे, परण, गतनिकास अशा नाचाच्या एकेक पायऱ्या, मग भाव, म्हणजे अभिनय. क्रम साधारण ठरलेला, पण मंचावर उभं राहिल्यावर तबलजीशी बोलत, त्या घडीला सुचेल तसं पुढं न्यायचं. त्यात उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं, जास्त आणि आधी बसवलेलं कमी. अशा नाचातून कालिदासाची शकुंतला उभी करायची, ऋग्वेदातलं उषासूक्त पायांत आणि हातांत आणायचं, आठ-दहा जणींना एका लयीत ठेवायचं आणि तरी ते कवायतीसारखं दिसू द्यायचं नाही, ही डोकेफोड त्यांनी केली. साहित्याची ओढ होतीच. नाचावर मराठीत नीट, विचार करून लिहिलं. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पण' या जुन्या संस्कृत ग्रंथावर काम केलं, पाश्चात्त्य नर्तकी इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकवलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७९ साली, पुढे कालिदास सन्मान, अकादमीची फेलोशिप. १० ऑक्टोबर २००८ रोजी गेल्या.

हिशेब करा. १९४७ ते २००८. या सगळ्यात सिनेमा नाही, टीव्हीवरचा परीक्षकाचा टेबल नाही. शिकणं, शिकवणं, नवं रचणं, लिहिणं आणि कार्यक्रम. आपल्या भाषेत याला करिअर म्हणायचं का नाही? मला तुमची मतं हवीत, विशेषतः ज्यांची पोरं शिकतायत त्यांची.

पेठेतला

ताई, एका दमात वाचला. लिहिलंय झकास. पण जरा वाकडं बोलू का?

पुण्यात चाललं ते सगळीकडं चालतंय असं नाही. आमच्या पेठेत नाच म्हटलं की दोनच गोष्टी, गणपतीची मिरवणूक आणि पिक्चर. आणि पिक्चर म्हणाल तर तो आपल्या गावचा. सिनेमावाले व्ही. शांताराम, आपले शांताराम बापू, इथलेच की! कथक कशाशी खातात हे माझ्या आजीला माहीत नव्हतं, पण 'झनक झनक पायल बाजे' मधला नायक गोपीकृष्ण तिला पाठ. मग करिअर कुणाचं मोठं? शास्त्रीयवाले पिक्चरचं नाव काढलं की नाक मुरडतात, हे आपलं निरीक्षण आहे. राग नसावा.

वांगीबोळ

पेठेतल्यानं बापूंचं नाव काढलंच आहे तर थोडी भर घालतो, म्हातारपणात एवढंच काम उरलंय.

शांतारामबापूंचा जन्म १९०१ चा, कोल्हापूरचा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली ती इथंच, १९३३ ला पुण्याला गेली. १९४२ मध्ये बापूंनी मुंबईत स्वतःची चित्रसंस्था राजकमल काढली. 'झनक झनक' १९५५ चा. रंगीत, नाचावर बेतलेला, आणि नायक म्हणून घेतला तो एक खराखुरा नर्तक, ज्याला नायकाच्या कामाचा अनुभव नव्हता. केवढी जोखीम! त्या काळात नायक म्हणजे देखणा चेहरा आणि झाडामागून गाणं. बापूंनी पाय बघितले. संगीत वसंत देसाईंचं, तेही प्रभातच्या मांडवाखालून गेलेले.

गोपीकृष्णांचं घराणं बनारसचं. आजोबा सुखदेव महाराज, मावशी कथक नर्तकी सितारादेवी. सितारादेवींचं तर काय बोलावं, उतारवयात पद्मभूषण देऊ केला तर "हा अपमान आहे" म्हणून परत पाठवला. गोपीकृष्णांनी विशीच्या आतच मधुबालेचे नाच बसवायला सुरुवात केली, १९५२ च्या 'साकी'त. १९७५ ला पद्मश्री. फेब्रुवारी १९९४ मध्ये हृदयविकारानं गेले. साठीच्या आसपासच होते.

घुंगरवाली

@पेठेतला, राग कसला. नाक मुरडणारे आहेत, मीही बघते. पण नाक मुरडायच्या आधी त्यांनी स्वतःच्या घराण्याची वंशावळ बघावी.

रोहिणीताईंचे गुरू लच्छू महाराज, बरोबर? हे लच्छू महाराज मुंबईत सिनेमाचे नाच बसवत होते. १९४९ चा 'महल', १९६० चा 'मुघल-ए-आझम', पुढे 'पाकीझा'. पनघटावरच्या त्या प्रसिद्ध गाण्यातली मधुबालेची मान, मनगट, ओढणी धरायची तऱ्हा, सगळं लखनौ घराण्याचं आहे. घुंगटाची गत, म्हणजे तोंडावरचा पदर सावरत चालायची कथकातली तऱ्हा, ज्यांनी शिकली आहे त्यांना ते बघताना नवं काही वाटत नाही.

आता गोपीकृष्ण. आजोबांखेरीज ते शिकले शंभू महाराजांकडे. आणि शंभू महाराज म्हणजे लच्छू महाराजांचे सख्खे भाऊ! थोरले अच्छन महाराज, मधले लच्छू, धाकटे शंभू. अच्छन महाराजांचा मुलगा म्हणजे बिरजू महाराज. तर एका भावाची शिष्या पुण्यात संस्था काढून बसली आणि दुसऱ्या भावाचा शिष्य कोल्हापूरच्या बापूंच्या सिनेमात नायक झाला. पाणी एकाच विहिरीचं. आपण उगीच 'शास्त्रीयवाले' आणि 'पिक्चरवाले' अशा दोन पेठा पाडल्यात.

आणखी एक. पुण्यातल्या मनीषा साठे या गोपीकृष्णांच्याच शिष्या, आणि त्यांनी आयुष्यभर केलं काय, तर शास्त्रीय कथक शिकवलं आणि रचलं. म्हणजे सिनेमातल्या माणसाकडूनही वर्गात विद्या आलीच की.

पेठेतला

सख्खे भाऊ?? हे भारीच की ओ ताई. आज कट्ट्यावर हेच सांगणार, नाव माझं.

धातीधागे

तबल्याकडून दोन शब्द. नाचाच्या धाग्यात आम्हाला कोपऱ्यातच बसवतात, सवय आहे.

वांगीबोळ काका एक सांगायचं राहिलं. त्या सिनेमात तबला सामताप्रसादांचा आहे, बनारसचे. आणि पार्श्वसंगीतात संतूर आहे शिवकुमार शर्मांचं, तेव्हा ते अगदी तरुण. ज्यांना कथकची साथ म्हणजे काय हे ऐकायचंय त्यांनी चित्र बंद करून नुसता आवाज ऐकावा. पायांचे बोल आणि तबल्याचे बोल कुठं एकमेकांवर बसतात आणि कुठं मुद्दाम सोडतात, ते कळतं.

नाचाची साथ ही सोलो वादनापेक्षा वेगळी कला आहे. नर्तक तोंडानं पढंत करतो, म्हणजे बोल म्हणून दाखवतो, ती एकदा ऐकायची आणि लगेच हातातून काढायची. तोडा, म्हणजे नाचाचा बांधलेला तुकडा, कुठं संपणार, किती मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा, मधे दम, म्हणजे थांबा, किती, हे ऐकता ऐकता मोजावं लागतं. कोल्हापुरात भजनाला, नाट्यगीताला, भावगीताला वाजवणारे उत्तम लोक आहेत. कथकला बसणारे हाताच्या बोटांवर. म्हणून बहुतेक क्लास मोबाईलमधल्या लेहऱ्यावर, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या धुनेवर, चालतात. ताई, तुमचाही चालत असणार, खरं सांगा. मोबाईलचा लेहरा तुम्हाला कधी चुकवत नाही आणि कधी वाचवतही नाही. समोर माणूस बसला की तो अर्धी मात्रा तुमच्यासाठी थांबतो, किंवा मुद्दाम थांबत नाही. उपज तिथं येते.

गोपीकृष्ण सलग नऊ तासांहून जास्त नाचले होते, विक्रम म्हणून. लोक नाचणाऱ्याबद्दल बोलतात. मला त्या तबलजींच्या मनगटांची काळजी वाटते.

फाईव्हसिक्ससेव्हनएट

मी राजारामपुरीत डान्स स्टुडिओ चालवतो. वेस्टर्न, बॉलिवूड, थोडं फोक. ताई, तुमची पोस्ट आवडली, पण करिअरचा धागा आहे तर पैशाचं कुणीतरी बोलायला पाहिजे, ते मी बोलतो.

कोल्हापुरात कोरिओग्राफरचं पोट तीन गोष्टींवर चालतं. एक गॅदरिंग, दोन लग्नातलं संगीत, तीन महिन्याच्या फीवर येणारी बारकी पोरं. दिवाळी संपली की शाळांचे फोन सुरू होतात आणि जानेवारी अखेरीला बंद. त्या काळात दिवसाला तीन-तीन शाळा करायच्या. एका गाण्यात चाळीस पोरं, त्यातली निम्मी रोज गैरहजर. ट्रॅक कट करायचा, ड्रेपरीवाल्याकडं माप द्यायचं, तो शेवटच्या दिवशी दुसऱ्याच रंगाची धोतरं पाठवणार. शिक्षिका म्हणणार "सर, ही मुलगी ट्रस्टींची आहे, पुढच्या ओळीत घ्या." घेतो. गेल्या सीझनला एका शाळेनं पूर्ण कार्यक्रम करून घेतला आणि मानधनाचं विचारलं की "बिल ऑफिसात आहे" एवढंच. एप्रिल उजाडला. शेवटी मिळाले, पण कापून.

लग्नाचं काम त्यापेक्षा बरं. तिथं फक्त आत्याबाईंना स्टेप जमली नाही तर स्टेप बदलायची, आत्याबाई नाही.

तक्रार नाही, घर यावरच उभं आहे. पण मी दर महिन्याला नवीन गाणं बसवतो आणि दर महिन्याला ते विसरलं जातं. रोहिणीताईंसारखी माणसं एकच गोष्ट पन्नास वर्षं घासत राहिली, ते मला परवडलं असतं का? माहीत नाही. बरं, एक तांत्रिक शंका. आम्ही आठावर मोजतो, तुम्ही सोळावर. फरक नक्की काय? दोन एट म्हणजे सोळाच ना?

घुंगरवाली

@धातीधागे, हो, मोबाईलच. महिन्यातून एकदा तबलजी बोलावते, त्या दिवशी पोरींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

@फाईव्हसिक्स, बरं झालं लिहिलंत. माझंही गणित फार वेगळं नाही. गॅदरिंग मी पण करते, करावंच लागतं. परीक्षांच्या बॅचेसवर क्लास तग धरून असतो. आणि दहावीला शास्त्रीय कलेचे जादा गुण मिळतात हे कळल्यापासून आठवीत अचानक कथकची आवड उत्पन्न होणारी मुलं खूप आहेत. येऊ देत. त्यातली एखादी गुण मिळाल्यावरही टिकते.

तुमची शंका छान आहे. दोन एट म्हणजे सोळा, बरोबर. पण तुमचा प्रत्येक 'वन' सारख्या वजनाचा असतो. तीनतालात सोळा मात्रांचे चार विभाग, पहिली मात्रा सम, म्हणजे सगळ्यात वजनाची, नववी खाली, म्हणजे रिकामी. सगळं समेकडे ओढलेलं. समेवर परत येणं हाच खेळ.

करूनच बघा, खुर्चीत बसल्या बसल्या जमेल. एक ते आठ नुसत्या टाळ्या द्या. मग नवव्या मात्रेपासून, म्हणजे तुमच्या दुसऱ्या एटच्या 'वन'पासून, एकेका मात्रेला एकेक बोल म्हणा :

तिगदा, दिगदिग, थेई
तिगदा, दिगदिग, थेई
तिगदा, दिगदिग, थेई

तीन बोल तीन वेळा, म्हणजे नऊ मात्रा. नवव्यापासून सोळाव्यापर्यंत जागा आहे आठच मात्रांची. शेवटचा 'थेई' उरतो, आणि तो पडतो बरोबर पुढच्या आवर्तनाच्या, म्हणजे सोळांच्या पुढच्या फेरीच्या, पहिल्या मात्रेवर. समेवर! ही सगळ्यात सोपी तिहाई. पहिले दोन 'थेई' अकराव्या आणि चौदाव्या मात्रेवर पडतात, तिथं काहीच घडत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं हा माणूस आता चुकणार. तिसरा 'थेई' येतो आणि तोंडातून 'वाह' निघतं. आता याच तीन बोलांच्या मधे अर्ध्या मात्रेचा दम टाका, किंवा ही अख्खी तिहाई एका तोड्याच्या शेवटी जोडून तो तोडा तीनदा घ्या, की झाला चक्रदार. शाळेतली पोरं हे आठवड्यात शिकतात. नीट जागेवर, हसत, खांदे न उचलता यायला वर्ष जातं.

समूहाची रचना करायची म्हणजे हीच गंमत आठ जणींत वाटायची. तिहाईचा पहिला भाग डावीकडच्या तिघी, दुसरा उजवीकडच्या, तिसऱ्याला सगळ्या. ही फारच बाळबोध युक्ती झाली. रोहिणीताईंच्या कामात तालाचा हिशेब आणि कवितेचा अर्थ एकाच वेळी सांभाळलेला असतो, नुसतं गणित नसतं. तिथं आम्ही धापा टाकतो.

सांगलीची_लेक

सगळं कथकचंच चाललंय. लावणी कुठं आहे? करिअर म्हणाल तर महाराष्ट्रात बाईनं नाचावर स्वतःचं पोट, फडातल्या माणसांचं पोट आणि पोराबाळांची शिक्षणं केली ती लावणीनं. कथक शिकलेली मुलगी 'कलाकार' आणि लावणीवाली 'नाचणारी', हा फरक अजून घराघरांत आहे. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, यमुनाबाई वाईकर. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ साली, तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या. १९५७ साली विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं, आणि शेवटची वर्षं त्यांनी कशी काढली हे जगजाहीर आहे. तुमच्या 'स्कोप'चं काय ते यावरून बघा.

माझी आजी सांगायची, बैठकीची लावणी ज्यानं पाहिली नाही त्याला अदाकारी कळली नाही. जागचं उठायचं नाही. एकच ओळ, पण दर खेपेला नवा अर्थ. आधी लाडानं, मग रुसून, मग टोमणा मारत, आणि शेवटी नुसत्या डोळ्यांनी. पायांचा कुठं प्रश्नच नाही.

घुंगरवाली

@सांगलीची_लेक, अगदी मनातलं. तुमच्या आजींनी जे पाहिलं तेच लखनौ घराण्यात 'भाव बताना' म्हणून चालतं. शंभू महाराज बसून ठुमरी गायचे आणि एकेका ओळीवर असाच तासन्‌तास अभिनय करायचे, त्याची ख्याती होती. यमुनाबाई आणि शंभू महाराज, दोघांनाही उभं राहायची गरज नव्हती. एकाला दरबाराचा आणि मग अकादमीचा आधार होता, दुसरीला तिकीट काढून येणाऱ्या माणसाचा. कस कुणाचा जास्त लागला ते सांगायला नको.

मी विशारदच्या मुलींना ठुमरी शिकवायच्या आधी जुन्या बैठकीच्या लावणीची ध्वनिमुद्रणं ऐकवते. काही पालकांना आवडत नाही. चालायचंच.

वांगीबोळ

या गावात मंचाची परंपराही लहान नव्हे. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं ते १९१५ ला खुलं झालं, आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. शेजारी खासबाग कुस्ती मैदान. एकीकडे कुस्ती, एकीकडे नाटक, भिंतीला भिंत. गवई अल्लादियाँ खाँसाहेब या दरबारात होते, गाण्याची संस्था देवल क्लब अजून आहे. गाण्याला या गावानं डोक्यावर घेतलं, पैलवानाला खांद्यावर घेतलं. नर्तकाला तसा राजाश्रय लाभल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. अवतीभवती नट होते, तंत्रज्ञ होते, डोळे पुसत होते, आणि क्लासच्या पोरीही होत्या, ज्यांचा पहिला कार्यक्रम तिथं झाला होता. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती.

शिरोलीकर_बाबा

सगळं वाचलं. आता माझी अडचण सांगतो, कुणी हसू नका. कथक शिकायचंय ते माझ्या मुलाला. वय नऊ. शाळेत कुणाचं तरी सादरीकरण बघून आला आणि तेव्हापासून घरभर गिरक्या. आमच्या वडिलांचं म्हणणं, तालमीत घाला. मंडळींचं म्हणणं, शिकू दे. मी मधे. पोरीचा प्रश्न असता तर विचार केला नसता, पण मुलगा म्हटल्यावर शाळेतली पोरं चिडवणार. घुंगरवाली मॅडम, तुमच्याकडं मुलं आहेत का? गुडघ्यांना त्रास होतो म्हणतात ते खरं का? आणि परीक्षा वगैरे किती वर्षं?

पेठेतला

दादा, वर वाचलं नाही का? अच्छन, लच्छू, शंभू, बिरजू, गोपीकृष्ण. सगळे बाप्येच. चिडवणाऱ्याला म्हणावं, नऊ तास नाचून दाखव, मग बोल. आणि तालमीचं म्हणाल तर पहाटे उठणं, जोर-बैठका, वस्तादाचा मार, खुराक, सगळं तिथंही तेच असणार. आबांना तसंच सांगा, पटतंय बघा.

घुंगरवाली

@पेठेतला, मार सोडून बाकी खरं. खुराक मात्र आम्हाला कुणी पुरवत नाही.

@शिरोलीकर_बाबा, हसण्यासारखं काही नाही. माझ्याकडे आत्ता दोन मुलगे आहेत, एक सहावीतला आणि एक इंजिनीअरिंगचा. सहावीतल्याला सुरुवातीला चिडवलं. गॅदरिंगला त्यानं एका दमात चकरा घेऊन समेवर उभं राहून दाखवलं, त्यानंतर वर्गातली पोरंच त्याला "आम्हाला शिकव" म्हणायला लागली. चिडवणं पूर्ण बंद झालं असं म्हणणार नाही.

गुडघ्यांचं : त्रास नाचापेक्षा फरशीनं होतो. शहाबादी किंवा टाईल्सवर रोज पाय आपटले तर टाचा आणि गुडघे कुरकुरणारच. लाकडी जमीन सगळ्यात चांगली, ती नसेल तर जाड सतरंजी किंवा मॅट. पाऊल पूर्ण सपाट पडलं पाहिजे, गुडघा किंचित सैल, आणि जोर मांडीतून. नऊ वर्षांच्या मुलाला मी पहिले तीन महिने तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, विलंबितच, म्हणजे संथ लयीतच, देते. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पोरं कंटाळतात, त्यांना चकरा हव्या असतात. चकरा नंतर.

परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद, पुढे अलंकार. दर वर्षी एक दिली तर विशारदपर्यंत सात-आठ वर्षं. पण दर वर्षी द्यायलाच पाहिजे असं नाही. एखादं वर्ष परीक्षा न देता नुसता रियाज केला तर पोरगं जास्त पुढं जातं, हे मी पालकांना सांगून थकले.

तुमच्या वडिलांना जमलं तर रोहिणीताईंचं 'माझी नृत्यसाधना' वाचायला द्या. करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा. नसेल तर माझी प्रत देते, परत मात्र हवी.

शिरोलीकर_बाबा

आबा वाचतील का माहीत नाही, मी वाचतो. शनिवारी घेऊन येऊ का त्याला? घुंगरू आत्ताच घ्यावेत का? बाजारात रेडिमेड पट्ट्याचे दिसले.

घुंगरवाली

शनिवारी साडेपाचला आणा. घुंगरू आत्ता नकोत, आणि पट्ट्याचे तर मुळीच नकोत. सहा महिने टिकला की दोरीत ओवलेले घेऊ, लहान मुलाला एका पायाला पन्नास पुरतात. ओवायला मी शिकवते, प्रत्येक घुंगराला गाठ मारावी लागते, नाहीतर नाचता नाचता सरकतात. सैल कुर्ता, ट्रॅक पँट चालेल. जीन्स नको.

पेठेतला

ताई, वयाची अट आहे का? म्हणजे एका मित्रासाठी विचारतोय.

घुंगरवाली

नाही. मित्राला सांगा, फी तीच आहे आणि मिसळ खाऊन यायचं नाही.